पाचवा शिंगाडा

मंडईच्या दिवशी आमच्या घरी तीन चुली पेटत. एक रोजची, स्वयंपाकघरातली. दुसरी अंगणात विटा मांडून केलेली, तिच्यावर मोठी कढई आणि तेलात फुगणाऱ्या सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या. तिसरी गोठ्याच्या भिंतीला लागून, आणि ती केवळ शिंगाड्यांची. दिवाळी सरली, हलका धान कापून झाला की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस निराळा, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता यावं. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, जावई सासुरवाडीला येतात, शाळेच्या मैदानात दुकानं लागतात, दुपारी दंडारीच्या नाचाचे ढोल सुरू होतात, आणि घराघरातून मसाल्याचा आणि ओल्या लाकडाच्या धुराचा वास येतो. पवनीकडून येणारी एसटी त्या दिवशी इतकी भरलेली असे की उतरणारे आधी खिडकीतून पिशव्या बाहेर देत आणि मग स्वतः दाराकडे सरकत. मला पाहुण्यांचा कल्ला सोसत नसे. मी पुस्तक घेऊन धानाच्या पोत्यांमागे बसायची, आणि माय दर अर्ध्या तासाने मला तिथून ओढून काढायची.

त्या वर्षी मात्र मी पोत्यांमागे बसू शकत नव्हते. बाईच्या, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नानंतरची ती पहिली मंडई होती, आणि मी घरातली एकुलती साळी, म्हणजे जावयाची मेहुणी होते. बाईला वैशाखात तुमसरला दिली होती. भाऊजी तिथल्या एका राईस मिलमध्ये इंजिनावर काम करत. उंच, हडकुळे, हसले की डोळे पूर्ण मिटणारे. लग्नाला चार महिने होत नाहीत तोच त्यांचे वडील वारले. ते आधीपासूनच आजारी होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तुमसरच्या आळीत कोणीतरी बोललं की सून चांगल्या पायगुणाची नाही. आमचं घर मास्तराचं. बाबा प्राथमिक शाळेत शिकवत, रविवारी विहारात मुलांना गोळा करून बसत, आणि पायगुण, नजर, शकुन असले शब्द घरात काढायला बंदी होती. पण तो शब्द तुमसरहून निघून आमच्या घरी पोचला आणि राहिला. मायला वाचता येत नव्हतं. बाईचं पत्र मी वाचून दाखवू लागले की ती पत्राकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत बसे, मी मधलं काही गाळते आहे का ते ओळखायला.

हे मी तुमसरलाच, बाईच्या घरी बसून लिहिते आहे. भाऊजी यंदा चैत्रात गेले, वय होऊन, आपल्या अंथरुणात. भेटायला आलेली माणसं परतली, आता घरात आम्ही दोघीच. बाई दुपारी पडते तेवढ्या वेळात मी थोडं लिहिते. दिवसाला चार ओळी झाल्या तरी मला पुरतात. इतक्या वर्षांच्या त्यांच्या आयुष्यातला दोन-तीन दिवसांचा हा तुकडाच मला आधी का लिहावासा वाटतो, असं बाईने परवा विचारलं. मी म्हटलं, उरलेलं सगळं त्याच्या पलीकडचं आहे, आणि ते पलीकडचं मिळालं नसतं तर?

आमच्या घराण्यात एक रीत होती. दुसरीकडे ती मी पाहिली नाही. पहिल्या मंडईला आलेल्या जावयाला साळीने आपल्या हाताने पाच शिंगाडे सोलून द्यायचे. प्रत्येक शिंगाड्यासोबत एक कोडं घालायचं. जावयाने शिंगाडा तोंडात टाकायचा आणि तो गिळायच्या आत कोड्याचं उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं की बायका हसायच्या, बरोबर आलं तरी हसायच्या, कारण भरल्या तोंडाने बोलणाऱ्या माणसाचं उत्तर कोणालाच कळत नसे. त्यातच सगळी मजा होती. आज लिहिताना माझा हात इथे थांबतो. तोंडात घास असलेल्या माणसाला बोलायला लावायचं, हसवायचं, आणि त्यावर पैज लावायची. यापेक्षा धोक्याचा खेळ आम्हाला मुद्दाम शोधूनही सापडला नसता. पण पिढ्यानपिढ्या तो खेळत आलो होतो आणि कधी काही झालं नव्हतं.

शिंगाडे डोमाजीकाकांनी आणले. गावाच्या तळ्यातली मासळी आणि शिंगाडे काढण्याचं काम त्यांच्या घरचं. पहाटे डोंगा घालून, गळ्यापर्यंत गारठून त्यांनी टोपलंभर शिंगाडे काढले होते, आणि ते आमच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, रटरट शिजून काळे झाले होते. काका पायरीवर बसून चहा पीत होते. मायने त्यांना जेवून जा म्हणून थांबवलं होतं. हे थांबवणंच आमच्या कामी आलं.

भाऊजींना ओसरीत पाटावर बसवलं. समोर मी, बाजूला बाबांची बहीण म्हणजे आत्याबाई, तिच्यामागे शेजारच्या बायका, आणि दाराआड बाई. बाबा खुर्चीवर बसून ऐकत नसल्यासारखं दाखवत होते. पहिली चार कोडी मी पुस्तकातून जमवलेली होती. भाऊजींनी दोन ओळखली, दोन चुकवली. पाचवं मी स्वतः रचलं होतं. मी बोलणारी मुलगी नव्हते; घरात माझा आवाज फक्त पत्र वाचताना ऐकू येई. म्हणून त्या कोड्यावर मी आठ दिवस खपले होते. पाचवा शिंगाडा गंजातला सगळ्यात मोठा निवडला. विळीवर त्याची शिंगं छाटली, साल काढली. आतला गर पांढरा, तीन कोपऱ्यांचा, आणि मधे किंचित कच्चा राहिलेला, दाबला तरी न दबणारा. ते मला कळलं होतं. पण दुसरा सोलायला वेळ लागला असता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी तो भाऊजींच्या हातावर ठेवला, त्यांनी अख्खा तोंडात टाकला, आणि मी कोडं घातलं. दिवसभर फुसफुसते, रातभर घोरते, भोंगा वाजल्याशिवाय जागं होत नाही, तर ते काय?

उत्तर होतं, मिलचं इंजिन. भाऊजी चावता चावता विचार करू लागले. तेवढ्यात दाराआडून बाईचा आवाज आला. वडीलधाऱ्यांसमोर ती कधी बोलली नव्हती.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली, "पन मले त्याचं नाव घेता येत नाई."

क्षणभर कोणाला समजलं नाही. मग आत्याबाई मांडीवर हात मारून हसू लागली, बायका एकमेकींवर कोसळल्या, बाबांनी तोंड फिरवलं, आणि भाऊजी हसले, डोळे मिटून, मान मागे टाकून, तोंड भरलेलं असताना.

त्यांचं हसू मधेच तुटलं. हात गळ्याकडे गेला. आम्ही हसतच होतो. आमच्याकडे कोणाला ठसका लागला की कोणीतरी आठवण काढली म्हणतात, वर बघायला सांगतात आणि टाळूवर थापटतात. आत्याबाई म्हणाली, "तुमसरले माय आठवन काढून राहिली वाट्टे. पाय जी वर, पाय." कोणी पाण्याचा गडवा पुढे केला. कोणी म्हणालं, लगन झालं तरी मायचा पदर सुटला नाई. आणखी हशा झाला. ठसक्याला आवाज असतो, हे त्या क्षणी आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही. भाऊजींच्या तोंडून आवाजच येत नव्हता. ना खोकला, ना शब्द. तोंड उघडं, छाती वर ओढलेली, आणि डोळे आमच्यातल्या एकेकाकडे फिरत होते, जणू यातलं कोण ओळखेल ते शोधत. ते माझ्यावर थांबले तेव्हा मी अजून हसत होते. ओठ निळसर होताना मी पाहिले. मग पाटावरून ते बाजूला कलले आणि त्यांचं डोकं ओसरीच्या जमिनीवर आपटलं. तो आवाज ऐकून हसू थांबलं.

डोमाजीकाका पायरीवरून कधी उठले ते मला दिसलं नाही. त्यांनी बायकांना हाताने दूर केलं, भाऊजींना उचलून आपल्या वाकवलेल्या मांडीवर पालथं टाकलं, डोकं खाली, आणि तळव्याच्या मुळाने दोन खांद्यांच्या मधे मारू लागले. तळ्यातून काढलेल्या माणसाला ते असंच करत असतील. एक, दोन, तीन. भाऊजींचे हात लोंबत होते. बाई दारातून बाहेर आली होती आणि चौकटीला धरून उभी होती. काकांनी त्यांना थोडं वर ओढून, बरगड्यांच्या खाली हात घालून जोरात दाबलं, पुन्हा पालथं केलं, पुन्हा मारलं. किती वेळ गेला हे पुढे प्रत्येकाने वेगळं सांगितलं. बाबा म्हणत एक मिनिट. मायच्या हिशेबात कढईतल्या सुवाऱ्या जळून काळ्या झाल्या, तेवढा. मग काहीतरी पांढरं भिंतीकडे उडालं, आणि भाऊजींच्या छातीतून दार घासत उघडावं तसा आवाज आला. श्वास आत गेला होता.

आता गावोगाव आरोग्यसेविका हे शिकवतात, आणि बेशुद्ध पडलेल्यासाठी शिकवतात ती पद्धत काकांच्या पद्धतीहून वेगळी आहे. रुग्णवाहिकाही बोलावता येते. पण त्या दिवशी आमच्या ओसरीत काय करायचं ते माहीत असलेला तो एकच माणूस होता.

भाऊजींनी डोळे उघडले. आपण कुठे आहोत हे त्यांना लगेच उमगलं नाही. त्यांनी बाईला पाणी मागायच्या ऐवजी भोंगा वाजला का असं विचारलं, घोगऱ्या आवाजात. मग हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. ते उठून बसले, बरगडीवर हात धरून हसले, आणि म्हणाले, काई नाई झालं. हे ऐकताच सगळं घर एकदम बोलू लागलं. माय रडत होती आणि रडता रडता कढई उतरवत होती. बाबांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. काकांना त्याचं काही नव्हतं. ते भाऊजींच्या छातीकडे बघत होते.

"मास्तर, यायले दवाखान्यात न्या," ते म्हणाले. "आताच्या गाडीनं न्या."

बाबा म्हणाले, ते आता चांगले बोलत आहेत, बसले आहेत.

"माहा भाऊबी बसला होता. तळ्यातून काढला, उठला, चाय पेला, बिडी मांगली. सांजेले गेला. शुद्धीवर आला म्हंजे वाचला, असं नसते जी. आंदर काय राह्यलं ते आपल्याले दिसते का?"

बाबांचं मन वळत होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी उठून खुंटीवरचा सदरा काढलाही. पण आत्याबाईने त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं, आणि मी मधल्या दारात असल्याने मला ऐकू आलं. ती वाईट बाई नव्हती. बाईवर तिचा जीव होता. तिने बाबांना एवढंच विचारलं की पहिल्या मंडईला आलेला जावई सासऱ्याने दवाखान्यात टाकला, हे तुमसरला कोणत्या तोंडाने सांगशील. पायगुणाचं आधीच बोलतात. आता साळीच्या हातचा शिंगाडा खाऊन बेशुद्ध पडला म्हणतील. "पोरीले तिथं नांदवाची हाय का वापस आनाची हाय, ते तू पाय," ती म्हणाली. बाबांनी सदरा पुन्हा खुंटीला लावला. भाऊजींनाही हेच हवं होतं. आईला सांगू नका, ती उगाच घाबरते, असं त्यांनी स्वतःच म्हटलं. काका जेवले नाहीत. रिकामं टोपलं उचलून निघून गेले.

जमीन सारवायला मायने शेणाची बादली आणली तेव्हा मी भिंतीजवळून तो पांढरा तुकडा उचलला. कोणाला दिसायला नको, एवढंच तेव्हा मनात होतं. मुठीत धरून मी पोत्यांमागे गेले आणि मूठ उघडली. दातांच्या खुणा होत्या. दोन कोपरे होते. तिसरा नव्हता. तुरीच्या दाण्याएवढा असेल, फार तर वाटाण्याएवढा. तो भाऊजींनी आधी चावून गिळला असेल. सारवणात गेला असेल. मी परत जाऊन जमीन बघितली, ओली झालेली. तुकडा मी कंपासपेटीत ठेवला आणि कोणालाही काही सांगितलं नाही. बोलायची सवय नसलेल्या माणसाने एकदा तोंड उघडावं आणि असं व्हावं. त्या दिवशी मला वाटत होतं की मी पुन्हा कधीच काही बोलू नये.

दुपारी भाऊजी मंडईत आलेच. सासुरवाडीच्या लोकांना आपण धडधाकट दिसलो पाहिजे, म्हणून. मैदानात ढोल घुमत होते, दंडारीची पोरं गोल फिरत होती, ऊसवाल्यांच्या मोळ्या उभ्या होत्या. भाऊजी थोडं चालत आणि थांबत. खोकला यायचा, बराच वेळ चालायचा, मग अचानक थांबायचा, आणि ते खिशातल्या रुमालाने डोळे पुसून म्हणायचे, धूळ हाय. एकदा ते मला म्हणाले की पोरांच्या शिट्ट्यांचा फार गोंगाट आहे. मी ऐकलं. तिथे ढोल होते, पिपाण्या होत्या, पण ते ज्या बारीक, एकसुरी शिट्टीबद्दल बोलत होते ती त्यांच्याच छातीतून येत होती. मला ती नीट ऐकू आली. मी मान डोलावली.

घरी येऊन मी नववीचं विज्ञानाचं पुस्तक उघडलं. श्वसनसंस्थेची आकृती मी वहीत तीन वेळा काढली होती, नावं देऊन, गुण मिळवून. आता ती वेगळीच दिसली. घशातून दोन वाटा निघतात. एक पोटात जाते, आणि त्या वाटेने गेलेल्या कोपऱ्याची चिंता नाही. दुसरी खाली जाऊन दुभंगते, पुन्हा दुभंगते, उलट्या धरलेल्या झाडासारखी, आणि टोकाला बंद होते. त्या वाटेने गेलेली गोष्ट पुढून बाहेर पडत नाही. मी बोट ठेवून बघत राहिले. जेवायला हाक आली. भाऊजींनी भाताचे दोन घास घेऊन ताट सरकवलं. गिळताना दुखतंय का, असं मायने विचारलं, आणि त्यांनी पोट भरल्याची खूण केली. मायने ताट उचललं आणि दुसरं काही विचारलं नाही.

सकाळी त्यांचं अंग तापलं होतं. आवाज आणखी बसला होता. ठरल्याप्रमाणे त्यांना आणि बाईला तुमसरला परतायचं होतं. बाबा दाढी न करताच तयार झाले आणि म्हणाले, पवनीपर्यंत मी येतो, जाता जाता तिथल्या डॉक्टरकडून खोकल्याचं औषध घेऊ. मीही येते, म्हणून मी हटून बसले. मी हट्ट करत नसे, म्हणून असेल, कोणी नाही म्हटलं नाही. गाडीत भाऊजी खिडकीला टेकून बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे भारे पडले होते, आणि प्रत्येक खड्ड्याला ते बरगडी धरत होते.

डॉक्टर मध्यमवयाचे, कमी बोलणारे. बाबांनी सांगितलं, "काल जेवता जेवता जरासा ठसका लागला. तवापासून खोकला हाय." डॉक्टरांनी घसा बघितला, ताप बघितला, सूज आहे म्हणाले, आणि चिठ्ठीवर लिहू लागले. पेनाचा आवाज येत होता. बाबा छताकडे बघत होते, बाई आपल्या पायांकडे. मला दिसत होतं की ती चिठ्ठी पूर्ण झाली की आम्ही उठणार, तुमसरची गाडी येणार, भाऊजी त्या गाडीत चढणार, आणि मग माझ्या हातात काही उरणार नाही.

मी म्हटलं, "ठसका नव्हता. बेशुद्ध झाले होते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मी कंपासपेटी उघडून तुकडा टेबलावर ठेवला. सुकून पिवळा पडला होता. याला तिसरा कोपरा होता, मी म्हटलं, आणि तो आम्हाला सापडला नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग ते एकामागून एक विचारू लागले, आणि बाबांना न विचारता मला विचारू लागले. किती वेळ बेशुद्ध होते. ओठ कसे दिसत होते. शुद्धीवर आल्यावर काय बोलले, बरोबर बोलले का. डोकं आपटलं का. पाठीत, पोटात कोणी मारलं, दाबलं का, आणि आता तिथे दुखतं का. आवाज कधी बसला. गिळता येतं का. मला माहीत होतं ते मी सांगितलं. त्यांनी भाऊजींचा सदरा काढायला लावला, बरगड्या चाचपल्या, पाठीवर नळी लावली. डावीकडे, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. उजवीकडे ते फार वेळ थांबले.

"मास्तर," ते म्हणाले, "इकडे हवा कमी जाऊन राहिली. तो तुकडा आत असेल. नसला तरी बेशुद्ध पडलेल्या माणसाला त्याच दिवशी दाखवायचं असते. तो उठून हसला, तरी. आत राहिलेलं असते, छातीला मार लागलेला असते, हवा न मिळाल्याचा परिणाम असते. घरी बसून यातलं काही कळत नाही."

बाबा म्हणाले, "मले वाटलं—" आणि थांबले. हजारो वेळा मुलांना वाक्य पूर्ण करा म्हणणारे बाबा. ते वाक्य त्यांनी मरेपर्यंत पूर्ण केलं नाही.

डॉक्टरांनी भंडाऱ्याच्या दवाखान्यासाठी पत्र लिहिलं आणि ओळखीची जीप बोलावून दिली. भंडाऱ्यात छातीचा फोटो काढला. फोटोत शिंगाडा दिसत नाही, पण उजवीकडचा भाग नीट फुगत नाही एवढं दिसलं, आणि तिथून तसंच नागपूरला जायला सांगितलं. त्या वाटेचं मला फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं की भाऊजी बोलणं बंद करून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकून बसले होते, गळ्याच्या खालची कातडी प्रत्येक श्वासाला आत जात होती, आणि आम्ही तिघं त्यांच्याबरोबर श्वास घेत होतो. तो आत गेला की आमचाही जाई. तो अडला की आम्ही थांबत असू.

तुमसरला निरोप बाबांनी भंडाऱ्याहूनच पाठवला, सगळं खरं सांगून. भाऊजींची आई दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात आली, एका शेजाऱ्याला सोबत घेऊन. बाई पदर डोक्यावर ओढत उठून उभी राहिली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "मले परवाच काऊन नाई सांगतलं?" एवढंच ती म्हणाली. ती बाकावर बसली, गाठोडं सोडलं, आणि भाकर काढून बाईच्या हातात दिली. कालपासून काई पोटात नसन, म्हणाली. ज्या माणसाला भिऊन आम्ही एक दिवस वाया घालवला, ती ही.

त्याच सकाळी भाऊजींना गुंगी देऊन, घशातून नळी घालून तो कोपरा काढला. डॉक्टरांनी बाहेर येऊन कापसावर ठेवलेला दाखवला. ओलाव्याने फुगून तो मोठा झाला होता. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर तिथे पू धरला असता, म्हणाले, आणि मग सांगता आलं नसतं. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. म्हातारीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बाई आणि मी बाकावर बसलो होतो. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, तुकडा अपुरा आहे हे मला कधीपासून माहीत होतं. मी म्हटलं, जमीन सारवली तेव्हापासून. मी वाट बघत होते. तिने मला मारावं असं मला वाटत होतं.

"मी रातभर त्यायच्या बाजूले होतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. "शिट्टी आयकत होतो. कूस बदलली की थांबे, सरळ झाले की वाजे. मले वाटलं, कोनाले उठवू? उठवलं तं दवाखाना निंगन. दवाखाना निंगला तं तुमसरले समजन." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तू तं सांगतलं तरी."

मग मला मायने आणखी न विचारता उचललेलं ताट आठवलं, आणि सकाळी दाढी न करता निघालेले बाबा. घरातल्या प्रत्येकाजवळ एकेक तुकडा होता, आणि प्रत्येकाने तो मुठीत दाबून धरला होता.

नर्सने येऊन सांगितलं की एकालाच आत सोडू. मी बाईकडे पाहिलं. ती उठली नाही. "तू जाय आंधी," ती म्हणाली, "मी येतो मांगून."

मी आत गेले. भाऊजी झोपले होते. तोंड किंचित उघडं, ओठ सुकलेले पण लाल. मी पलंगाच्या उजव्या बाजूला गेले, वाकले, आणि त्यांच्या छातीजवळ कान नेऊन उभी राहिले. छाती वर येत होती, खाली जात होती. बाहेर कोणीतरी बादली ओढत नेत होतं. मी ते जाईपर्यंत थांबले, आणि पुन्हा कान लावला. श्वास ऐकू येत होता. शिट्टी नव्हती.